दादाचा कॉम्प्युटर हँग होतो

३ मार्च, सोमवार
पुन्हा हँग! नवा कोरा कॉम्प्युटर, घरी येऊन आठ दिवसही झाले नाहीत. बटण दाबलं, पंखा घरघरला, चिन्ह आलं, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली — आणि थिजली. चार वेळा बंद-चालू केला. दादा पलंगावरून बघत होता. या आजाराने त्याच्याकडे तेवढंच ठेवलंय, बघणं. हात नाही, मान नाही, जीभ नाही. स्क्रीनखालचा कॅमेरा त्याची नजर पकडतो, तो एकेका अक्षराकडे बघतो आणि कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलून दाखवतो. कॉम्प्युटर बंद तर दादा मुका.

आणि कालच एका दमात सुरू झाला होता! "ठमे, तुझा चहा गार झाला," एवढं बोलून घेतलं त्याने.

५ मार्च
दुरुस्तीवाला येऊन गेला. याचं नाव मी उद्याबघू ठेवलंय. म्हणे, "ताई, लिनक्स आहे ना, जरा नखरे करतं. त्याऐवजी विंडोज टाकू का?" अरे, नजरेचा प्रोग्रॅम फक्त लिनक्सवर चालतो हे तूच सांगितलंस ना मला! नुसता खोका उचलून बाहेरच्या टेबलावर नेला, तीनदा सुरू केला. तिन्ही वेळा शहाण्या बाळासारखा सुरू झाला. माझंच तोंड पडलं. तो गेला, दुपारी हँग.

७ मार्च
डॉक्टरबाई आल्या होत्या. श्वास कमी पडतोय. घशाला भोक पाडून नळी, आणि मग श्वासाचं मशीन — कायमचं. "हवं की नको, ते त्यांनी सांगायचं."

मी म्हटलं, तो पापणीने सांगतो की! एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. विचारलं, "दादा, नळी बसवायची ना?" एकदा लवली. माझा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी विचारलं, "नळी नको ना?" तेव्हाही एकदाच लवली.

"पापण्यांवर मी नाही जाणार. तुम्हाला हवं तेच तुम्ही वाचता. त्यांचे शब्द हवेत, माझ्यासमोर. एकवीसला येते." आणि कॉम्प्युटर नाहीच चालला तर? "मग घरच्यांनी ठरवायचं."

घरचे म्हणजे मी. एकटी मी! नको गं बाई. त्यानेच सांगू दे. तो हो म्हणणार, मला माहितीये. पण त्याच्या तोंडून यायला हवं.

१० मार्च
हँग. हँग. हँग.

११ मार्च
चालला! लगेच विचारलं. त्याने पाच मिनिटं घेतली. "विचार करू दे. घाई काय, मी कुठे पळून जाणार आहे?" हसू आलं आणि रडूही. दुपारी प्लगला पाय लागून बंद पडला, परत सुरू होईना.

१३ मार्च
उद्याबघूने आतली मेमरी बदलली, लिनक्सही पुन्हा पहिल्यापासून टाकलं. संध्याकाळी हँग. फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "ताई, मी तरी काय करू!" खरंच, तो तरी काय करणार.

कारखान्यात आज वीस शर्टांना काजं उलट्या बाजूला पाडली. सुपरवायझर ओरडला नाही, "घरी जा," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

१५ मार्च
पाठकोऱ्या कागदावर सगळे दिवस मांडले. मावशी दादाचं अंग पुसायला येतात ना, त्या दिवशी चालतो! मग डोकं चालवलं — गरम पाण्याची वाफ? हीटरमुळे विजेत फरक? मावशींना थांबवून दादाला पुन्हा पुसायला लावलं. "अहो, कातडी निघेल पोराची!" बिचारा दोनदा पुसला गेला. वेड लागायची वेळ आलीये. सहा दिवस उरले.

१८ मार्च
सापडलं! सापडलं!! इंटरनेटवर कोणा अनोळखी भल्या माणसाने लिहिलं की, सुरू होताना यंत्र स्वतःची नोंद ठेवतं, तिची शेवटची ओळ वाचा. वाचली. ज्या ज्या वेळी हँग, त्या त्या वेळी शेवटची ओळ कॅमेऱ्याची! अंग पुसताना पाणी उडू नये म्हणून मावशी कॅमेरा काढून ठेवतात. वाफ नाही, हीटर नाही — वायर! आधी वायर लावून बटण दाबलं की हँग. सुरू झाल्यावर लावली की काही नाही. दहा वेळा करून पाहिलं, पाच असं, पाच तसं. एकदाही चुकलं नाही.

उद्याबघूला कळवलं. "अरेच्चा! उद्या येऊन—" म्हटलं, तू नको येऊस आता. दादाच्या कपाळाचा मुका घेतला. कधी नव्हे ते पोटभर जेवले.

२० मार्च
आज त्याने आपणहून लिहायला घेतलं. चाळीस मिनिटं. मी समोर बसून काजांचे धागे काढत होते, मध्ये बघायचं नाही असं ठरवून. मग तो सपाट आवाज बोलला —

"नळी नको. फार दमलोय, ठमे. उद्या त्यांना सांगतो. रागावू नकोस."

मी म्हटलं, प्रोग्रॅम चुकला असेल, परत लिही. त्याने परत लिहिलं. नको.

मी रागावले. खूप बोलले त्याला, नको नको ते बोलले. मला एकटीला टाकून जातोस, लाज नाही वाटत, म्हणाले. तो उत्तर लिहायला लागला तर मी स्क्रीनच भिंतीकडे फिरवली. आईबाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, यानेच वाढवलं मला. हा गेल्यावर मला ठमे म्हणणारं कोणी उरत नाही.

२१ मार्च, शुक्रवार
डॉक्टरबाई अकराला आल्या. मी आधी कॅमेऱ्याची वायर लावली, मग बटण दाबलं. पांढरी रेघ लुकलुकली आणि थिजली. बाईंनी अर्धा तास वाट पाहिली. नळी बसवायच्या कागदावर मी सही केली. दादाकडे बघायची छाती झाली नाही.