कावळा न शिवलेली ड्राइव्ह

३ फेब्रुवारी
वडूजला आलो! पाटणची हिरवाई सोडून थेट माळावर. पण हंबीररावांचा फोटो स्टुडिओ झकास आहे, वर राहायला खोलीही. लग्नाचं शूटिंग एडिट करायचं. आधीचा एडिटर तानाजी दिवाळीत वारला, त्याची खुर्ची आता माझी. संध्याकाळी आईचा फोन आला, जेवलास का वीरू म्हणून. तिच्याखेरीज हे विचारणारं मला आहे तरी कोण?

५ फेब्रुवारी
तानाजीच्या एसएसडी ड्राइव्हमध्ये गेल्या सीझनभराची लग्नं अडकलीत. लॅपटॉपवर घ्यायला बसलो, पण गोगलगाय बरी. केबल बदलली, निळ्या पोर्टात लावली, मधला हब काढला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं. सेकंदाला पाचशे एमबी देणारी ड्राइव्ह चार देते नि नव्व्याण्णव टक्क्यांवर बसून राहते. एवढ्या कामानं ती तापायला हवी. ही गारच.

६ फेब्रुवारी
हंबीरराव म्हणाले, तानाजीला कुणीच नव्हतं. गळ्यात कॅमेरा अडकवून लोकांच्या पंगती टिपायचा आणि शेवटी मांडवामागं एकटाच जेवायचा. दहाव्याला पिंड यांनीच ठेवला. "दुपारपातूर थांबलो, कावळा शिवला न्हाई गड्या. काय इच्छा ऱ्हायली, कुनास ठावं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला." फार वाईट वाटलं. मीही खानावळीत एकटाच जेवतो.

८ फेब्रुवारी
पुन्हा नव्व्याण्णव. वैतागून, गंमत म्हणून ड्राइव्हपुढं हात जोडले. दहाव्याला म्हणतात तसं म्हणालो, "तानाजीराव, तुमची राहिलेली इच्छा मी पुरी करीन." आणि काय सांगू, पाचशेचा वेग! दुपारच्या आत सगळं आलं.

९ फेब्रुवारी
काम संपलं, तरी ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय. आता फाइली उलट्या चालल्यात, लॅपटॉपवरून ड्राइव्हमध्ये. माझे फोटो. आईबरोबरचे. केबल उपटली. टक्के वाढतच आहेत.

१० फेब्रुवारी
मोबाइलमधल्या फोटोंत आई एकटी. शेजारी माझी जागा रिकामी—
लग्नाचं शूटिंग लावलं. प्रत्येक पंगतीच्या टोकाला गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस. त्याच्या शेजारच्या पानावर मी. तो मला आग्रहानं वाढतोय—

११ फेब्रुवारी
हंबीररावांनी विचारलं, कोण पायजे. म्हणाले, तानाजी गेल्यापासून खुर्ची रिकामीच हाय.
अठ्ठ्याण्णव.
आई आहे अजून. आईला फोन—

आई म्हणाली, मला मूलबाळ न्हाई बाबा, चुकून लागला असंल.
नव्व्याण्णव.
पान वाढलंय. नाव घेऊन बोलावतोय. माझं नाव आता फक्त त्यालाच—