पहिलं नाव कोंडाजीचं

३ नोव्हेंबर
भवरखेड्याच्या पोलीस चौकीत आजपासून कामाला लागले. झाडलोट आन् चहा. राहायला मागची खोली, नळ दारातच. चांदवडला कांद्याच्या खळ्यावर पाठ मोडून घेण्यापेक्षा लय बरं. वही तृप्तीनं दिली. म्हणाली, आई, चौथीपर्यंतचं विसरायच्या आत रोज लिहीत जा, बाळंतपणाला ओझरला येशील तेव्हा वाचीन. दिवस भरत आलेत तिचे. पहिलं लेकरू. मी वेळेवर पोचणार म्हणजे पोचणार.
निवृत्ती हवालदार भला माणूस, पण साखर किती मागतो! मी म्हणलं, चहा पितो का पाक?

४ नोव्हेंबर
संध्याकाळी अंगणात हजेरी झाली. पहिलं नाव घेतात कोंडाजीचं. सगळे गप. साहेब म्हणतात, पहाऱ्यावर. मग बाकीची नावं. निवृत्तीला विचारलं, हा कोंडाजी कोण, चहाला तर येत नाय. म्हणाला, चौकीचा पहिला शिपाई. तेव्हा इथं निस्तं पत्र्याचं छप्पर, आन् हायवेवर कांद्याच्या गाड्या लुटायचे. त्याला फाटकावर उभं केलं, पहारा बदलायला माणूस यायचाच राहिला. तापानं फणफणला तरी जागा सोडली नाय. उभ्याउभ्याच गेला. किती साहेब आले-गेले, त्याचं नाव हजेरीतून कुणी काढलं नाय. त्या नावाला ओ तेवढी द्यायची नाय.
मी म्हणलं, येडे हायेत सगळे. मेलेल्याची हजेरी आन् जित्याचा चहा गार. खळ्यावर मुकादम नावं घ्यायचा तेव्हा मला उशीर झाला की तृप्ती खुशाल माझ्या नावाला ओ द्यायची. कुणाचं काय बिघडलं?

७ नोव्हेंबर
आज कोंडाजीचं नाव घेतलं आन् साहेबांचा फोन वाजला. बोलतच बसले. माझ्या हातात चहाचा ट्रे, हात भरून आले. मी ओरडले, हजर! घ्या पुढचं.
कुणी हसलं नाय. निवृत्ती पांढराफटक. म्हणाला, पुतळाबाई, काय केलंस हे? पहारा बदलायला माणूस आला, असं झालं ना! मी म्हणलं, चहा घे आन् गप बस.

८ नोव्हेंबर
व्हरांड्यातलं बाकडं करकरलं. बसलेलं कुणी नाय. दुपारभर घोरण्याचा आवाज, लय दिवसांनी पाठ टेकल्यासारखा. बाकड्याखाली जुने बूट, चिखलाचे. उकिरड्यावर फेकले. चहा घेऊन आले तर परत तिथंच.

१० नोव्हेंबर
उजवा खांदा काळानिळा. बंदुकीच्या पट्ट्याएवढा वळ. भाकरी थापवंना.
तृप्तीचा फोन आला, कळा सुरू झाल्या. पिशवी भरली, एसटीत बसले, तिकीट काढलं, खिडकीतून वारा लागला – आन् बघते तर चौकीच्या फाटकाशी उभी. तिकीट हातात.

११ नोव्हेंबर
परत निघाले. परत फाटक. आता पाय उचलत नाय. कमरेला खोचलेली वही तेवढी संगं. निवृत्तीला हाका मारल्या. तो आला आन् बाजूनं नाय, माझ्यातून – माझ्यातून चालत गेला.

१२ नोव्हेंबर
मुलगी झाली. निवृत्ती फोनवर बोलत होता म्हणून कळलं. म्हणतो, बाईचा पत्ता नाय, सामान खोलीतच हाय. अरे इथंच हाय मी! इथं, तुझ्या –

१३ नोव्हेंबर
हजेरी. साहेबांनी कागदाकडं बघितलं नाय, नाव आपसूक तोंडातून आलं. पहिलं. माझं.
सगळे गप.
साहेब म्हणाले, पहाऱ्यावर.
बाकड्यावर घोरणं नाय. बूट पण नाय.

तारीख ठाऊक नाय
रिक्षा थांबली. तृप्ती. ओली बाळंतीण, लेकरू पदराखाली. साहेबांशी भांडतीय, माझी आई कुठं हाय सांगा. माझ्यावरच गेलीय, दम म्हणून नाय. लेकराचं नाक माझं. एवढंएवढंसं. हात लावायला गेले तर –
शिपाई हजेरीला उभे राहिले. निवृत्ती तिला मागं ओढतोय, हटत नाय ती.
माझं नाव घेतलं.
सगळे गप. ती एकेकाच्या तोंडाकडं बघतीय. चिडलीय. मान वर केली, खळ्यावर करायची तश्शी – तृप्ते, नाय, हे खळं नाय, माझ्या नावाला ओ नको दे –
तोंड उघड