न चाखलेलं पुरण

आणि हो आई, ओव्हनचं तर सांगायचं राहिलंच. नोकरी लागल्यावर घेतला. मागच्या होळीला म्हटलं, बाबांसाठी पुरणपोळी करायचीच, एकदम लाइट. त्यांना आता शुगर आहे, आणि तू गेल्यापासून चौदा वर्षं घरात पुरण शिजलंच नाही. कोणी डब्यात पोळी पाठवली तर बाबा म्हणतात, "नको, शुगर वाढेल." पण शुगर निघाली चार वर्षांपूर्वी, खात तर त्याआधीपण नव्हते. मतलब, मला वाटायचं, एकदा खाल्ली तर जेवताना आम्ही दोघं परत बोलायला लागू. सियागंज बाजारात गूळ घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "एक पाव गुड़? बिटिया, होली मना रही हो कि दवाई बना रही हो?" खूप हसले मी. घरी येऊन मात्र हे कोणाला सांगायचं ते कळेना.

गूळ अर्धा, मैदा बंद, तूप फक्त ब्रशने, आणि पोळ्या तव्याऐवजी ओव्हनमध्ये. डाळ वाटताना तू दिसलीस. मी सेकंड क्लासमध्ये आहे, पुरणयंत्राला चिकटलेलं पुरण बोटाने काढतेय, आणि तू हातावर फटका देतेस. "नैवेद्याआधी उष्टं करतेस? आधी देव, मग आपण." मी रडते, तू बघतपण नाहीस. ते इतकं पक्कं बसलंय की मागच्या वर्षी मी कणभरपण चाखलं नाही. एक पोळी होळीत टाकली, घरी येऊन दुसरी बाबांना वाढली. खाखऱ्यासारखी कडक झाली होती, चलो ठीक है, पण आतलं पुरण! नुसती वेलचीची डाळ. बाबा चावत राहिले. मग म्हणाले, "चाखलं नव्हतंस का?"

"नैवेद्याचं कसं चाखणार? आईने मारलं होतं मला."

किती वर्षांनी मोठ्याने हसले ते. "अगं, ती तर दर वर्षी चाखवून बघायची! तुला बाहेर पिटाळून दार लोटायची आणि माझ्या तोंडात पुरणाची गोळी कोंबायची. म्हणायची, 'गोड झालंय ना हो? कोणाला सांगू नका.'" हसता हसता थांबले, आणि ती फिकी पोळी पूर्ण संपवली. पण मग ते आत गेले, मी ताटं उचलली.

आज परत होळी आहे. पुरण वाटून झालंय, आणि मी ओट्याशी उभी राहून मोबाइलच्या नोट्समध्ये तुला हे लिहितेय, पाठवायचं तर कुठेच नाहीये. बाबा बाहेर पेपर वाचतायत. मी पुरणाची गोळी घेऊन दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. ती तुमची दोघांची गोष्ट, मी कशी करू? शेवटी मीच चाखलं, देवाआधी. आणि आई, खरं सांगू, गोड झालंय की नाही ते मला कळतच नाहीये. तुझं पुरण किती गोड असायचं ते मी विसरलेय. बाबांना आठवत असेल. हाक मारू का त्यांना आत? तुला काय वाटतं?