वळणावर घसरणारी जीप आणि तेलाचा डबा

उस्ताद, खोकला कसा आहे? काकूंचे गुडघे काय म्हणतात? गॅरेजच्या दारात झोपणाऱ्या तुमच्या लंगड्या कुत्र्याचा पाय बरा झाला का? तिघेही आता वर एकाच ठिकाणी असाल. इकडे मी ठीक. साखर वाढलीय, पण जीभ ऐकत नाही.

आज पुन्हा ती लिलावातली जीप आठवली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तुमचं अच्छाडचं गॅरेज सोडून मी तलासरी-वेवजी सवारी मारायचं ठरवलं होतं. दलाल सांगत होता, हिच्या मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये जास्तीच्या प्लेटा आहेत. एक चाक चिखलात गरगरलं तरी दुसरं जोर लावतं. तुम्ही बिडी कानामागे खोचून म्हणालात, "थापा! आत वेल्डिंग मारून दोन्ही चाकं जाम केलीत." आपण मागची दोन्ही चाकं उचलली. साध्या गाडीचं एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. हिची दोन्ही एकाच दिशेला फिरली. तुमचा चेहरा असा खुलला, जणू चोर सापडला. मग मी तुमच्या बाजूच्या चाकात पहार अडकवली आणि माझ्या चाकाला पाइप लावून लटकलो. घाम फुटल्यावर ते रुसलेल्या जावयासारखं हळूहळू वळलं. वेल्डिंग असतं तर हललंही नसतं. "आहेत प्लेटा," तुम्ही पुटपुटलात.

पण संशय कुठे गेला? वेवजीच्या ओल्या वळणावर मी जरा जास्त रेस दिली आणि गाडीचं बूड भसकन बाहेर गेलं. तुम्ही दांडा घट्ट धरलात. "बघितलंस? साध्या गाडीचं आतलं चाक सुटतं, बाहेरचं रस्ता धरून ठेवतं. हिची सुटली की दोन्ही सुटतात! हिच्यात बायाबापड्या बसवणार तू?"

"वळणात पाय हलका ठेवीन."

"आज ठेवशील. रोज?"

तेव्हा माझ्याच मनात पाल चुकचुकली. हा माणूस गाडीला घाबरतोय, की मी गेलो तर ट्रकांच्या गिअरपेट्या कोण उतरवणार म्हणून मला अडवतोय? आपण दोघं एका चुलीवरचा चहा पीत होतो, पण शब्द मोजून.

मी निघालो त्या सकाळी सीटवर तेलाचा डबा होता. साध्या तेलावर त्या प्लेटा वळणात गुरगुरतात. त्यांना वेगळं तेल लागतं, आणि ते आपल्याकडे मिळत नव्हतं, मुंबईहून मागवावं लागे. डब्यात तेच होतं. मी विचारलं तर तुम्ही पाना पुसत म्हणालात, "मी कशाला आणू? दलालानं ठेवला असेल." दलाल म्हणाला, "ना रे भाई, में नथी आप्यो." म्हणजे त्यानंही दिला नव्हता.

त्या जीपने गंजाडपर्यंतचा चिखल तुडवला. कोणाला साधं खरचटलंही नाही. प्रत्येक वळणाआधी तुमचं ते "रोज?" कानात वाजायचं आणि पाय आपोआप वर यायचा.

तेवढं एक कळवा. "हो, मीच ठेवला," इतकंच लिहिलंत तरी पुरे, पण लवकर लिहा. नाही असेल तर मात्र लिहू नका. ते ऐकायची भीती होती, म्हणून तर तुम्ही समोर असताना दुसऱ्यांदा विचारलं नाही.