कॉलरची उलटी बाजू

३ मार्च, सोमवार

पैज लागली!

जेवताना चिरंजीव नवा शर्ट घालून मिरवत होते. मी मागून जाऊन कॉलर उलटी केली, लेबल वाचलं. समुद्रापलीकडचं. "आई, घास तरी गिळू दे," म्हणाला. मग म्हणे, इथे आता कोणीच काही शिवत नाही, तू उगीच लोकांच्या माना तपासत फिरतेस.

कोणीच नाही? मी म्हटलं, तेवीस तारखेला मला सत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी याच टेबलाशी डोक्यापासून पायापर्यंत इथेच बनलेल्या कपड्यांत जेवायला बसेन. कपाटातलं जुनं काही नाही, सगळं नवं. "आतलेही?" त्यानं विचारलं. सूनबाईंना ठसका लागला. आतलेही! मी अर्धवट पैज लावत नाही.

जिंकले तर वर्षभर या घरातला प्रत्येक कपडा मी सांगेन तिथून यायचा. हरले तर या विषयावर जन्मात एक शब्द काढायचा नाही.

एक शब्द नाही! मला गुदमरवून मारायचा बेत आहे दोघांचा.

५ मार्च, बुधवार

तीन दुकानं झाली, माना उलट्या करून बोटं दुखली. चौथ्यात शर्ट सापडला! पांढरा, ताठ कॉलरचा. लेबलावर ठसठशीत लिहिलंय, आपल्याच देशात बनलेला. दोन दिवसांत निम्मी लढाई मारली. जेवताना मुद्दाम गप्प बसले. चिरंजीव अस्वस्थ.

६ मार्च, गुरुवार

शाळेत शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, उलटी बाजू आधी दाखव, सुलटी काय सगळ्यांचीच चांगली असते. मार बसायचा पट्टीचा. म्हणून सकाळी शर्ट उलटा केला. लेबल जाड लागलं. उसवलं. खाली दुसरं लेबल — समुद्रापलीकडचं!

तडक दुकानात. त्याला दोन्ही लेबलं गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचायला लावली. मग विचारलं, यात इथे बनलेलं नेमकं काय आहे? मेला शांतपणे म्हणाला, "लेबल, मॅडम."

निदान खरं बोलला. शर्ट त्याच्या तोंडावर टाकून आले.

८ मार्च, शनिवार

जुन्या शर्ट कंपनीवरून गेले. आता तिथे बाहेरून आलेल्या मालाची खोकी रचून ठेवतात. एकतीस वर्षं मी तिथे वरच्या मजल्यावर टायपिस्ट होते. खाली दोनशे बारा बायका शर्ट शिवायच्या, माझ्या टेबलाखालची जमीन दिवसभर थरथरायची. मग साहेब लोकांना शोध लागला की तिकडे शिवून जहाजानं आणलं तरी स्वस्त पडतं. एका आठवड्यात सगळ्यांना पत्रं. दोनशे बारा पत्रं तीन दिवसांत टाइप केली मी, एक चूक नाही! साहेबांनी स्वतः टेबलापाशी येऊन कौतुक केलं होतं.

पण ज्यांनी ते ठरवलं त्यांना मी आयुष्यात माफ करणार नाही.

११ मार्च, मंगळवार

बूट झाले. मोजे झाले. आतलेही झाले — कुठून ते लिहिणार नाही. शर्ट आणि स्कर्ट राहिले. बारा दिवस.

१२ मार्च, बुधवार

बूट शिवणाऱ्यानं पत्ता दिला. लाँड्रीच्या मागे एक खोली, एक खिडकी, एक मशीन. बाई साठीच्या पुढची, तोंडात टाचण्या. आमच्याच कंपनीतली निघाली! काजांच्या विभागात होती, म्हणून सगळे तिला अजून काजबाई म्हणतात. शर्ट आता कोणी शिवून घेत नाही म्हणाली. लोक येतात ते तयार पँटी आखूड करायला. महिनाअखेर मशीन विकणार आहे.

मी म्हटलं, मीही तिथेच होते, वर.

"वर कुठे?"

"ऑफिसात."

टाचण्या तोंडातून काढून तिनं एकेक करून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. मग म्हणाली, "हात वर करा," आणि माप घेतलं. कापड इथल्याच मागावरचं आहे तिच्याकडे. बटणं तर आपल्या कंपनीतली, बरणीभर! कधी न वापरलेली.

१७ मार्च, सोमवार

शर्ट घालून बघायला गेले. आधी उलटा केला. शिवणी, काखा, कॉलर, सातही काजं. एक दोरा बाहेर नाही. सिस्टरना पट्टी खाली ठेवावी लागली असती. काजबाई मशीनवरून मान न वळवता म्हणाली, "सापडलं काही?"

नाही म्हटलं.

"सापडणार नाही."

बाई तोंडाची तिखट आहे. मला आवडली.

२० मार्च, गुरुवार

स्कर्टही तयार! चिरंजीव येताजाता विचारतात, "काय मग, तोंडाला कुलूप कधी?" हसू दे.

२३ मार्च, रविवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

बरोबर एक वाजता येऊन खुर्चीपाशी उभी राहिले. चिरंजीव चष्मा लावून तपासायला आले. बुटाचा तळवा पाहिला. मोजे पाहिले. मागे गेले, कॉलर उलटी केली — लेबलच नाही! "हे चालणार नाही, पुरावा कुठे?" म्हणाले. मी म्हटलं, पुरावा लाँड्रीच्या मागे बसलाय, चल, चालत दहा मिनिटं. सूनबाईंनी मात्र बाही हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अहो, हरलात तुम्ही. आणि आई, तुम्ही किती छान दिसताय."

चिरंजीवांनी शेवटी हात जोडले. स्वतःसाठी सहा शर्ट सांगायला लावले मी, तिथल्या तिथे, घास गिळायच्या आत!

२५ मार्च, मंगळवार

सहा शर्टांचं सांगायला गेले. काजबाईनं ऐकून घेतलं, म्हणाली, म्हणजे मशीन आता विकता येत नाही. माझ्या शर्टासाठी मापानं कापलेले कागदी नमुने दोऱ्यानं बांधून ठेवले होते, त्यातला कॉलरचा तेवढा काढून माझ्या हातात दिला. "उलटा करून बघा. सवय आहे ना तुम्हाला."

उलटा केला. टाइप केलेला. '…पासून आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' खाली डाव्या कोपऱ्यात साहेबांची आद्याक्षरं, तिरकी रेघ, मग टाइप करणारीची म्हणून माझी.

"वर टाइपरायटर एकच होता," ती म्हणाली. "कागद चांगला जाड, म्हणून ठेवला होता. तुमच्या कॉलरला बरोबर पुरला. चूक एकही नाही हं त्यात."

पैज जिंकलेली मी, आणि एक शब्द निघेना.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, दोरा परत बांधला. "सहा शर्ट एकटीनं व्हायचे नाहीत. बटणं लावायला उद्या दहाला या. पत्रबित्र मिळणार नाही."