मेंढा आणि मेंढी यांचे क्रमांक

होटगी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रकल्पप्रमुख पूनम यांस,

नमस्कार. 'ताई' लिहिण्याची सवय मोडते आहे. पहिल्या प्रतीत खोडावे लागले. येथे सर्व क्षेम. आप्पांची मेंढरे कातरून झाली.

आपला निरोप पोहोचला. प्राचीन ग्रीक पाट्यांचा आपला संगणकीय संग्रह सदोष ठरून परत आला आहे, आणि तो दोष माझा असल्याचे पत्र मी सोमवारपर्यंत द्यावे, अशी आपली अपेक्षा आहे. अन्यथा संशोधन-प्रवेशासाठी माझी शिफारस होणार नाही, हेही समजले.

त्या पाट्यांच्या 'लिनिअर बी' लिपीत मेंढा आणि मेंढी यांची दोन वेगळी चिन्हे आहेत आणि युनिकोड या संगणकीय चिन्हसूचीत दोन वेगळे क्रमांक. मातीच्या पाट्यांची छायाचित्रे पाहून मी ते बरोबर भरले होते. आपण सर्वांसमोर हसलात. "मेंढे शंभर आणि मेंढ्या आठच? सिद्धे, एका कळपात एवढे नवरदेव कशाला गं? उलटं टाकलंयस तू." आणि सर्व फाइलींत क्रमांकांची अदलाबदल केलीत.

त्या रविवारी मी आप्पांना विचारले. ते म्हणाले, "लोकरीसाटी खच्ची मेंढंच ठेवत्यात की. तुज्या म्याडमनं मेंढरू बगितलंय का कवा?" दुसऱ्या दिवशी मी कसेबसे हे सांगितले, तेव्हा आपण विचारलेत, "तुझे आप्पा ग्रीसला कधी गेले होते?" पुन्हा सारे हसले.

पुढचा मजकूर लिहिताना दोनदा कागद बदलला.

संग्रह पाठवण्याच्या दिवशी खोलीत आपण दोघीच होतो. आपण म्हणालात, "ते मेंढरांचं एकदा परत बघूया का गं? मला खात्री वाटत नाहीये." त्या वेळी आवाजात थट्टा नव्हती. छायाचित्रे माझ्या पिशवीत होती. मेंढ्याच्या चिन्हावरच्या आडव्या रेघा दाखवायला एक मिनिट पुरले असते. मी म्हणाले, "नको, बरोबर आहे."

मी भिडस्त आहे, असे सगळे म्हणतात. त्या दिवशी भीड नव्हती. आपली नाचक्की व्हावी, एवढेच मला हवे होते.

म्हणून आपण मागितलेले पत्र मी दिले आहे, परंतु थेट प्राचार्यांना. क्रमांक कोणी बदलले हे त्यात आहे; चूक ठाऊक असूनही ती बरोबर असल्याचे मी सांगितले, हेही आहे. प्रत सोबत जोडली आहे. शिफारशीची चिंता आता आपण करू नये. माझी शिफारस आता कोणीच करणार नाही.

उत्तराची अपेक्षा न ठेवणारी,
धुळाआप्पांची मुलगी
सिद्धेश्वरी