दात उजळण्याचा उपद्व्याप

४ फेब्रुवारी

अखेर मान्य केले! मुलीपुढे माझे काही चालत नाही. तिचा हेका एकच — ‘बाबा, तुम्ही सावरल्याशिवाय मी लग्नाची तारीख ठरवणार नाही.’ ही, म्हणजे तिची आई, जाऊन वर्ष होत आले. मी सावरलेलो आहे, हे किती वेळा सांगायचे? ‘मग एकदा तरी हसून दाखवा!’ दात पिवळे पडल्यामुळे हसत नाही, असे सुचेल ते कारण पुढे केले. तिने तत्काळ दंतवैद्याची वेळ घेतली. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला!

७ फेब्रुवारी

दंतवैद्यबाई माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात इतक्या तरुण. माझ्या दातांच्या मापाचे दोन पारदर्शक साचे दिले. त्यांत जेल भरून रोज तासभर तोंडात ठेवायचे. ‘एक तास म्हणजे एकच तास हं, सर. आणि चहा-कॉफी बंद.’ घरी येऊन नळीवरचे घटक वाचले. पेरॉक्साइड! महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलांना हातमोजे घातल्याशिवाय ज्याला हात लावू दिला नाही, ते आता माझ्या तोंडात!

८ फेब्रुवारी

चहा नाही. डोके ठणकते आहे. सर्वांवर खेकसलो.

११ फेब्रुवारी

साचे तोंडात असताना बोलता येत नाही, हा लाभ कोणी सांगितला नव्हता. शेजारच्या काकू पुन्हा सांत्वनाला आल्या — ‘काळ हेच औषध हो!’ मी तोंडाकडे बोट दाखवले. बिचाऱ्या लगेच उठल्या. जेवणानंतर मुलीने आईचा विषय काढला. साचे बसवले, बोट दाखवले. तीही गप्प झाली.

तास संपला तरी काढले नाहीत.

१५ फेब्रुवारी

आता सकाळ-संध्याकाळ लावतो. कोणी येण्याची चाहूल लागली तर मधेही. हिरड्या पांढऱ्याफटक पडून चुरचुरत आहेत. आज वर्गात पाण्याचा घोट घेतला आणि दातांतून थेट कपाळापर्यंत वीज गेली! सूत्र अर्धवट सोडून फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुलांना वाटले, सर सूत्र विसरले.

१६ फेब्रुवारी

दंतवैद्यबाई ओरडल्याच, ‘सर, हिरड्या भाजल्यात! किती वेळ लावत होता?’ खोटे बोलता आले नाही. का, ते मात्र सांगितले नाही. साचे जप्त. शिवाय समोरच्या एका दातावर कॅप आहे, तिच्यावर जेलचा काडीमात्र परिणाम नाही. बाकी सगळे बगळे आणि मधे एक कावळा. ‘पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी!’ सांगितले असेल. मी ऐकत होतो कुठे?

१८ फेब्रुवारी

मेहुणा आला. दारातूनच — ‘भाऊजी, न्हाणीघराच्या फरशा तोंडात बसवल्यात की काय? आणि एक जुनीच ठेवलीत!’ मुलगी खळखळून हसली. मीही हसायला गेलो. दातांना वारा लागला आणि हसू गालातच गोठले. डोळ्यांत पाणी! मुलीने धावत गोळी आणून दिली. मेहुणा म्हणतो, ‘हे हसणं आहे की शिक्षा?’

मूर्ख माणूस. पण प्रश्न बरोबर आहे.

२७ फेब्रुवारी

कळ पूर्ण थांबली. फ्रिजमधले पाणी पिऊन खात्री केली. आरशासमोर तालीम करून मुलीपुढे उभा राहिलो, सगळे दात दिसतील असा हसलो. ‘आता ठरव तारीख.’ ती पाहत राहिली. ‘टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं दिसतंय, बाबा.’

संतापलो! चहा सोडला, हिरड्या भाजून घेतल्या, गावभर हसे करून घेतले — आणखी काय करू? ती स्वतःच्या खोलीत गेली.

२ मार्च

चष्म्याच्या दुकानातून फोन. हिचा चष्मा वर्षभर तयार होऊन पडला आहे, न्यायला कधी येणार? ‘त्या’ म्हणालो आणि पुढचे वाक्य तोंडातून निघेना. रिसीव्हर तसाच हातात. मुलगी गोळी घेऊन धावत आली.

‘हे दातांचं नाही,’ म्हणालो.

ती शेजारी बसली. बराच वेळ दोघेही रडलो. मग नाक पुसत म्हणाली, ‘मे महिना चालेल, बाबा?’